वर्णनांचे घाऊक व्यापारी

माझ्या वाट्याला आजवर जेवढी म्हणून लाज आली, तिच्यातली बारा आणे लाज एकट्या एका माणसाने पुरवली. उरलेली चार आणे मी स्वकष्टाने मिळवलेली आहे, तिचा इथे संबंध नाही.

तो माणूस म्हणजे आमचे सर. सर म्हणजे शाळेतले नव्हेत. थेरगावात, डांगे चौकाच्या अलीकडे, खाली मेडिकल आणि वर जिम अशा दोन आरोग्यदायी दुकानांच्या मधल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं आणि मी तिथे नोकरीला होतो. वर कोणी डंबेल टाकलं की आमच्या चहात लाटा यायच्या. एकदा एका पैलवानाने असं वजन आपटलं की माझ्या कॉम्प्युटरवरची फाइल आपोआप सेव्ह झाली.

आमचा धंदा काय, हे समजावता समजावता माझं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. “आम्ही दृष्टिहीनांसाठी कागदपत्रं तयार करतो,” असं म्हटलं की मुलीचे वडील विचारायचे, “म्हणजे ब्रेल का?” ब्रेल नव्हे. न दिसणारा माणूस मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर फाइल उघडतो आणि स्क्रीन रीडर नावाचा एक आवाज त्याला ती वाचून दाखवतो. पण त्या आवाजाला आधी सगळं शिकवून ठेवावं लागतं. हा मथळा आहे, हा तक्ता आहे, आधी हे वाच, मग ते वाच. चित्र असेल तर त्याच्या पोटात वर्णन लिहून ठेवायचं. ते डोळसाला दिसत नाही, ऐकणाऱ्याला ऐकू येतं. आणि जे चित्र नुसतं नटायला बसवलंय, कोपऱ्यातली वेलबुट्टी वगैरे, त्यावर ‘शोभेचं’ अशी खूण मारायची. मग आवाज त्याला ओलांडून पुढे जातो. एवढंच काम. एवढं सांगून होईपर्यंत पोहे गार व्हायचे आणि मुलगी आत निघून गेलेली असायची.

त्या आवाजाला आम्ही दाजी म्हणायचो. कारण तो जन्माची सर्दी झालेल्या, कशाचंच कौतुक नसलेल्या मेहुण्यासारखा बोलायचा. शुभविवाह असो की श्रद्धांजली, दाजींचा सूर एकच.

सर आधी भोसरीत, पत्र्याचे पार्ट ठोकून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होते. त्यांनी नाकारलेल्या पार्टांचा ढीग विमानातून दिसायचा असं म्हणतात. मी विमानात बसलेलो नाही, पण ढीग पाहिलाय. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेऊन येताना त्यांनी ‘रिजेक्ट’ लिहिलेल्या लाल स्टिकरांच्या गुंडाळ्या बरोबर आणल्या. ती स्टिकरं ते फाइलींच्या प्रिंटवर चिकटवायचेच. पण खालच्या मेडिकलच्या पाटीवर, जिमच्या पोस्टरवर, एकदा पार्सल आलेल्या मिसळीच्या डब्यावर आणि दोनदा माझ्या रजेच्या अर्जावरही त्यांनी ती चिकटवली होती.

हे झालं अर्धं माणूस. उरलेलं अर्धं सूत्रसंचालक होतं. कंपनीच्या गणेशोत्सवात पंधरा-वीस वर्षं माइक त्यांच्याच हातात होता. त्यामुळे तपासायचं म्हटलं की ते मायक्रोमीटर व्हायचे आणि लिहायचं म्हटलं की सनई. पाण्याच्या पंपाचा फोटो आला तर आमच्यासारखा सामान्य जीव ‘निळा पंप’ असं लिहून मोकळा होईल. सर लिहायचे, ‘निळ्या कांतीचा, कर्तव्याच्या जाणिवेने ताठ उभा राहिलेला पंप.’ एका कंपनीच्या डायरेक्टरसाहेबांच्या फोटोच्या पोटात त्यांनी लिहिलं होतं, ‘मुद्रा गंभीर, परंतु अंतरी स्नेहाचा झरा असावा असे वाटणारे गृहस्थ.’

“सर, झरा कशावरून?” मी विचारलं.

“भुवया बघ.”

मी भुवया बघितल्या. एक भुवई होती, ती दोन्ही डोळ्यांना वापरलेली होती.

“ज्याला दिसत नाही,” सर म्हणायचे, “त्याच्यापुढे आपण ताट वाढतोय. भाजी-भाकरी काय कोणीही वाढेल. आपण पक्वान्न वाढायचं.” हे वाक्य ऐकून नवीन लागलेली पोरं भारावून जायची. मीही गेलो होतो. भारावण्याचे पैसे लागत नाहीत.

सरांचं दुसरं वाक्य म्हणजे प्रश्न होता आणि तो ते जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल विचारायचे. “शोभेचं की कामाचं?” बोट दाखवायचे आणि उत्तर द्यायलाच लागायचं. टेबलावरची फुलदाणी, शोभेची. पंखा, कामाचा. मे महिन्यात आमच्या ऑफिसातला एसी, शोभेचा. एकदा सोसायटीचे अध्यक्ष मेंटेनन्सबद्दल बोलायला आले, तेव्हा त्यांच्याकडे बोट गेलेलं मी वेळेवर पकडलं आणि ते बोट तसंच पंख्याकडे वळवलं.

मोशीच्या एका मंगल कार्यालयात मात्र मला ते पकडता आलं नाही. आमच्या ऑफिसातल्या एका पोरीचं लग्न होतं. सरांनी खिशातून निमंत्रणपत्रिका काढली. तिच्यावर लाल खुणाच खुणा. ते थेट वधूपित्यापुढे गेले. बिचारा वधूपिता फेटा सावरत वऱ्हाडाला नमस्कार करत होता.

“वाचनाचा क्रम चुकलाय,” सर म्हणाले. “आधी तीन पानं निमंत्रक. काका, मामा, आत्याचे मिस्टर, माजी सरपंच. मुलीचं नाव येईपर्यंत दाजी दमतात. हे सगळे शोभेचे. काढून टाका. मुलगी, मुलगा, तारीख, जेवण. एवढंच कामाचं.”

वधूपित्याला आमचे दाजी माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याचे स्वतःचे दाजी, म्हणजे आत्याचे मिस्टर, शेजारीच उभे होते.

“कोणाला शोभेचं म्हणताय ओ?” ते म्हणाले. “गावाकडनं दोन गाड्या भरून माणसं आणलीत आमी.”

“तेच म्हणतोय,” सर म्हणाले. “शोभा आहे त्याने.”

मी त्या वेळी तोंडात एक अख्खा गुलाबजाम घेऊन उभा होतो. तो धड गिळता येईना, धड बाहेर काढता येईना. शरमेने माझे कान इतके तापले की बाजूच्या फोटोग्राफरने लाइट बंद केला असावा. आम्ही आहेर ठेवला आणि न जेवता निघालो. परतीच्या वाटेवर सर म्हणाले, “माणसांना फीडबॅक घेता येत नाही.”

त्यांचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. वाचनाच्या क्रमाने काय होतं ते मी पाहिलेलं आहे. एका कारखान्याचं मासिक आमच्याकडे आलं होतं. पानावर दोन रकाने, डावीकडे शोकवार्ता आणि उजवीकडे बक्षीस समारंभ. दाजींना रकाने कळले नव्हते, त्यांनी सरळ आडवं वाचलं. “आपले ज्येष्ठ सहकारी यांचे अल्पशा आजाराने, टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत करण्यात आले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मिक्सर आणि प्रशस्तिपत्र.” सगळं ऑफिस टेबलाखाली गेलं हसून. सर हसले नाहीत. त्यांनी रकाने सोडवले, दाजींकडून पुन्हा वाचून घेतलं आणि शोकवार्ता संपेपर्यंत उभे राहिले. त्या दिवशी मला हसण्याची जरा लाज वाटली. सरांच्या बाबतीत हाच वांधा होता. त्यांची लाज वाटावी तर मध्येच आपली वाटायला लागायची.

शनिवार म्हणजे नॅपकिनवार. सकाळी आल्या आल्या सर प्रत्येकाच्या मॉनिटरवर एकेक नॅपकिन टाकायचे. दिवसभर काम ऐकून करायचं, कळफलकावर. आम्ही कानाला हेडफोन लावून, नॅपकिनकडे तोंड करून, ओळीने बसायचो. लाइट गेली तरी आम्हाला पत्ता लागायचा नाही असं मी सगळीकडे सांगतो. खरं तर लागायचा, पंखा बंद पडायचा. अशाच एका शनिवारी मारुंजीहून एका आयटी कंपनीच्या मॅडम काम द्यायला आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी ती शांतता पाहिली, पांढरे नॅपकिन पाहिले, डोळे मिटून बसलेल्या आम्हाला पाहिलं आणि चपला बाहेर काढून हळूच विचारलं, “कधी झालं?”

तर असे आम्ही. नॅपकिन टाकून, डोळे मिटून, दाजी ऐकून वर्षानुवर्षं कागद तयार केले. पण ज्यांच्यासाठी करत होतो त्यांच्यातलं एकही माणूस तो जिना चढून कधी वर आलं नव्हतं आणि त्यांना बोलवावं असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. खानावळ चालवायची आणि जेवायला कोणी येतंय का ते बघायचंच नाही, असला तो कारभार होता.

एके दिवशी फोन वाजला. आलेला प्रत्येक फोन सर स्पीकरवर घ्यायचे. आपल्या ऑफिसात झाकून ठेवण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत.

“नमस्कार,” पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला. “चाकणच्या कंपनीची ती आपत्कालीन सूचनांची पुस्तिका तुम्हीच केली ना? शेवटच्या पानावर तुमचा नंबर आहे.”

“आम्हीच केली. आपण?”

“मी अश्विनी. त्याच कंपनीत मदत कक्षात लागलेय. कामगारांचे फोन घ्यायचे, सुट्टी, बस, पगार. अजून प्रोबेशनवर आहे. मला दिसत नाही.”

सर उभे राहिले. त्यांनी आम्हाला हाताने खूण केली, तसे आम्हीही उभे राहिलो. राष्ट्रगीताला राहतो तसे.

“बोला ताई,” सर केस सारखे करत म्हणाले. “कशी वाटली?”

“लई सुंदर. नकाशाच्या पानावर ती इमारत, कोवळ्या उन्हात न्हाऊन निघालेली, आधुनिकतेची साक्ष देणारी वास्तू. मी दोनदा ऐकलं. मग गुलमोहर आला. मग कारंजं आलं.”

“कारंजं आवडलं?”

“आवडलं की. सर, दार कुठाय?”

सरांचा हात केसांतच राहिला.

“बाहेर पडायचं दार,” अश्विनी म्हणाली. “काल सायरन वाजवून सराव झाला. आग लागली असं समजून पळायचं. मी तुमची पुस्तिका पाठ केली होती. कॉरिडॉरच्या टोकाला अंदाजानं वळले अन् निघाले थेट माल चढवायच्या धक्क्यावर. फोर्कलिफ्टवाल्यानं ब्रेक मारला म्हणून आज तुम्हाला फोन करायलेय.”

वर जिममध्ये कोणीतरी वजन टाकलं. चहात लाटा आल्या.

“आता सेफ्टीवाले साहेब म्हणायलेत, हिला प्लांटमध्ये ठेवणं धोक्याचं आहे. उद्या वरती तसं लिहून देणार. नोकरीसाठी दीड वर्ष हिंडलेय सर मी. लातूरहून वडील रोज विचारतात, कधी परत येतीस. गुलमोहर असू द्या, त्याचं काही नाही. पण आग लागली तर मी गुलमोहराकडं पळू का कारंज्याकडं, एवढं सांगा.”

सर म्हणाले, “बघतो. फोन करतो.” सूत्रसंचालकाच्या तोंडून एवढी तीनच पदं बाहेर पडलेली मी प्रथमच ऐकली.

फाइल उघडली. नकाशा होता. नकाशावर हिरवे बाण होते, दारापासून थेट जमण्याच्या जागेपर्यंत. आणि एकूण एक बाणावर ‘शोभेचं’ अशी खूण मारलेली होती. दाजी ते सगळे बाण ओलांडून, इमानदारीत, कारंज्याकडे गेले होते.

कोणी केलं हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना आठवत होतं. फाइल आली त्या दिवशी सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले होते, “हे बाण म्हणजे नकाशाच्या हातावरची मेंदी. शोभेचे.” वाक्य झकास होतं. आम्ही सगळे हसलो होतो. मग तपासणीच्या सॉफ्टवेअरने हिरवी टिक दिली होती. त्या बापड्याला चित्राला वर्णन आहे की नाही एवढंच कळतं. गुलमोहर लिहा नाहीतर गाढव लिहा, टिक हिरवीच.

सरांनी ड्रॉवर उघडला. लाल स्टिकरांची गुंडाळी काढली, एक स्टिकर सोलून बोटावर घेतलं आणि इकडेतिकडे बघत राहिले. चिकटवायला त्यांना जागाच सापडेना. शेवटी ते परत गुंडाळीवर चिकटवून त्यांनी ड्रॉवर लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही चाकणला निघालो. वाटेत त्यांनी सेफ्टी ऑफिसरला फोन लावून अशी काही गयावया केली की मला आरशात बघवेना. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “या. वर्णन दुरुस्त करा. अकराला सरावाचा सायरन आहेच, पुन्हा एकदा बघू. पण प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर. आज नाही जमलं तर मला लिहावं लागेल.”

गेटवरच्या वॉचमनने आमचे पास केले. “कुठून आलाय?”

“थेरगावहून.”

“कशाला?”

“दार बघायला,” सर म्हणाले.

“दार हाय की हितं,” वॉचमन म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याने भुवई उडवली. मी खाली बुटांकडे बघितलं.

आम्ही तो रस्ता दोनदा चाललो. सर भिंतीला हात लावून पुढे, मी लॅपटॉप घेऊन मागे. सर सांगत होते, मी टाइप करत होतो. ‘मदत कक्षाच्या दारातून बाहेर पडल्यावर उजवीकडे वळा. भिंत उजव्या हाताला ठेवा. भिंत संपली की डावीकडे वळा. थोडे पुढे गेल्यावर उतार लागेल.’ कोवळं ऊन नाही, कांती नाही, काही नाही. प्रत्येक वाक्याला सरांच्या चेहऱ्यावर दाढ काढल्यासारखे भाव होते.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर ही हकीगत मी कोणाला सांगितली नसती. पण सर ते सर.

अकराला मदत कक्षाबाहेर सगळे जमले. सेफ्टी ऑफिसर पॅड आणि पेन घेऊन होता. अश्विनी काठी घेऊन आली. उंच, हसऱ्या आवाजाची मुलगी, आजचा दिवस आपला आहे की नाही हे चेहऱ्यावर कुठेही न दाखवणारी. आणि सरांनी खिशातून भला मोठा रुमाल काढून स्वतःच्या डोळ्यांवर बांधला.

“हे काय करायलेत ते?” अश्विनीने मला हळूच विचारलं.

“डोळे बांधतायत,” मी म्हणालो. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी रांग मोडून आत शिरलो असतो.

“मी स्वतः आधी चालून दाखवणार,” सर म्हणाले. “माल पाठवायच्या आधी आपण वापरून बघायचा. या ताईंच्या अनुभवाशी एकरूप होऊन...”

“सर, एकरूप नका होऊ,” अश्विनी म्हणाली. “नुसतं नीट लिहा.”

पण त्यांनी लॅपटॉपवर दाजी सुरू केले होते. दाजींनी नाकातून सगळं वाचलं. सायरन झाला. सर निघाले.

उजवीकडे वळायचं होतं, ते डावीकडे वळले. हात पुढे केलेले, पाऊल उचलून टाकलेलं, एखादा कोंबडा तापल्या पत्र्यावर चालावा तसे. प्लास्टिकच्या क्रेटवर आदळले, क्रेटची माफी मागितली आणि तिला वळसा घालून दिसेनासे झाले. चहाच्या सुट्टीला बाहेर आलेल्या कामगारांनी मोबाइल वर केले. “कोण आहे रे भावा?” “ऑडिटवाला असंल.” एकाने शिट्टी मारली. लांबून पत्र्याचा मोठा आवाज आला, मग बारीक बारीक आवाज येत राहिले.

सेफ्टी ऑफिसरने पेनाचं टोपण काढलं. “सॉरी,” तो म्हणाला. आणि तो खरंच दिलगीर दिसत होता. “ज्याने लिहिलं त्यालाच जमलं नाही. मग ह्यांना कसं जमणार?”

ज्या मुलीची नोकरी वाचवायला आलो होतो तिच्या नोकरीवर आम्हीच, तिच्याच डोळ्यांदेखत, म्हणता येत नाही, तिच्याच कानांदेखत पाणी फिरवलं होतं.

“साहेब,” अश्विनी म्हणाली, “ते आत्ता चहा पिऊन आंधळे झालेत. मी जन्मापासून आहे. त्यांच्यावरून माझं कशाला ठरवता? मला ऐकवा ते.”

ऑफिसर पेन धरून उभा राहिला. मी लॅपटॉप पुढे केला. तिने मान तिरकी करून ऐकलं आणि मध्येच हात वर केला. “‘थोडे पुढे’ म्हणजे किती? कुणाचं थोडं? तुमचं का माझं?”

मी आठवू लागलो. “तिथे पायाखाली लोखंडी जाळी येते. गटारावरची. चालताना वाजते.”

“मग ते लिहा की. ‘जाळी वाजेपर्यंत.’”

मी उभ्या उभ्या लिहिलं. तिने पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, मान हलवली आणि सायरन पुन्हा वाजवायला सांगितला.

आणि निघाली. उजवीकडे. काठी भिंतीच्या कडेने टक टक. भिंत संपली, डावीकडे. मी आणि ऑफिसर मागे. जाळी वाजली तशी ती क्षणभर थांबली, काठीने उतार चाचपला, खाली उतरली आणि जमण्याच्या हिरव्या पाटीखाली जाऊन उभी राहिली. तिथे फारशी गर्दी नव्हती. दोनदा सायरन झाला म्हणून डोळस मंडळींतली निम्मी कँटीनला गेली होती.

ऑफिसरने आधी कँटीनकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग पेनाला टोपण लावलं. “ठीक आहे,” तो म्हणाला. “मी ‘योग्य’ लिहितो.”

अश्विनीने नुसती काठी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा झालेला हात ओढणीला पुसला.

मग हजेरी. नियमाप्रमाणे माणसं मोजली गेली. “एक व्हिजिटर कमी आहे,” ऑफिसर म्हणाला.

खरं सांगतो, मी विसरलो होतो.

“ते तिकडं आहेत,” अश्विनी म्हणाली. “मघापासून पत्रे वाजायलेत.” आणि ती काठी टेकत आवाजाच्या रोखाने निघालीसुद्धा. मी तिच्यामागे.

सर स्क्रॅपच्या पिंजऱ्यात होते. दार उघडं होतं म्हणून आत शिरले होते आणि बाहेर येणारं दार त्यांना सापडत नव्हतं. चोहीकडे नाकारलेले पार्ट, मधोमध सर, डोळ्यांवर रुमाल, शर्टाला ग्रीस. रुमाल सोडला असता तर एका पावलात बाहेर आले असते. त्यांनी तो सोडला नव्हता. प्रामाणिकपणा म्हणावा की हट्ट, मला आजही ठरवता आलेलं नाही.

“सर,” अश्विनी म्हणाली.

“ताई? झालं का तुमचं?”

“झालं. ठेवलं मला. चला.”

सरांनी चाचपडत तिचा हात पकडला.

“हात नका धरू,” ती म्हणाली. “कोपर धरा. मी पुढं, तुम्ही अर्धं पाऊल मागं. आता उंबरा आहे.”

तशी ती दोघं त्या आवारातून आली. पुढे न दिसणारी मुलगी, मागे तिचं कोपर धरून डोळे बांधलेला साठीचा माणूस. मोबाइल अजून वरच होते, पण आता कोणी शिट्टी मारली नाही.

“रुमाल काढा सर, पोचलो,” मी म्हणालो.

“माणसं आहेत का अजून?”

“आहेत.”

“शूटिंग?”

“चालू आहे.”

“मग राहू दे,” सर म्हणाले.

ऑफिसरने मला बाजूला घेऊन सांगितलं, “तुमचं काम चांगलं आहे. पण पुढच्या वेळी यांना आणू नका.” मी मान डोलावली.

त्यानंतर आमच्या ऑफिसात एक पद्धत पडली. दर रविवारी अश्विनी थेरगावला यायची, जिना चढून, आणि आठवड्याच्या सगळ्या फाइली ऐकायची. तिने नापास केली की फाइल नापास. पहिल्याच रविवारी तिने पंपाची कांती काढून टाकली. सर समोर हात बांधून बसायचे. अधूनमधून विचारायचे, “निदान निळा ठेवू का?” ती म्हणायची, “दोन पंप असतील अन् एक लाल असेल, तर ठेवा.” मी पुढे ती नोकरी सोडली. आणि सरांचं नाव निघालं की त्या कोंबड्याच्या चालीची नक्कल करून मी बैठका जिंकत आलो. स्क्रॅपच्या पिंजऱ्यापाशी मात्र मी नेहमी थांबायचो, त्याच्या पुढचं सांगत नव्हतो.

त्याच्या पुढचं असं की, गेटबाहेर आल्यावरही सरांनी रुमाल सोडला नाही. त्याच्यावरच हेल्मेट घातलं आणि चाचपत स्कूटरवर बसले. चाकणचा चौक गेला, ट्रकांची रांग गेली. “आता काढा,” मी म्हणालो. “पुढे काढतो,” ते म्हणाले. इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीला सिग्नलला थांबलो. हेल्मेटच्या काचेतून तो पांढरा रुमाल चांगला लख्ख दिसत असणार.

“कोणी बघतंय का?” सरांनी मागून विचारलं.

“कोणी नाही सर.”

“नीट सांग.”

मी मान वळवली. “डावीकडे बस आहे. खिडकीत तीन बायका आहेत. बघतायत. दोघी हसतायत. उजवीकडे टेम्पो. मागे माणसं बसलीत, त्यातला एक बोट दाखवतोय. पुढे ट्रक.”

“मागे?”

“मागे रिक्षा. रिक्षावाला फोनवर बोलतोय. तो बघत नाहीये.”

सरांचा हात माझ्या खांद्यावर आला.

“असं,” ते म्हणाले. “असं लिहायचं होतं ते.”

सिग्नल सुटला. भोसरी येईपर्यंत मी दिसेल ते सांगत राहिलो. भोसरी गेल्यावरही त्यांनी रुमाल सोडला नाही.